दिवेलागणीच्या आधी उघडणारे वाचनालय



परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळीचे छोटे स्थानक लागते. मार्गशीर्ष सुरू झाला की या स्थानकाभोवतीचे शिवार गजबजून जाते. कापसाची वेचणी चालू असते, तूर शेंगांनी लगडलेली असते आणि रब्बीची ज्वारी पोटरीत येते. पहाटे धुके, दुपारी कोवळे ऊन आणि संध्याकाळी ओट्याओट्यांवर शेकोटी, असा हा काळ. परभणीची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. डिसेंबर २०१८ मध्ये येथील कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा तीन अंशांच्या आसपास उतरला होता आणि त्या दिवसांत साऱ्या राज्याच्या वर्तमानपत्रांत परभणीचे नाव झळकले होते.

हिवाळा हा वाचनाचा ऋतू, असे शहरात सहज म्हटले जाते. दिवाळी अंकांचा फराळ, लांबलेल्या रात्री, उबदार पांघरूण आणि हातात पुस्तक, हे चित्र मनोहर आहे. पिंगळीसारख्या गावात मात्र हे चित्र फार थोड्या घरांना लागू पडते. शेतकऱ्याला हिवाळ्यात उसंत नसते. वेचणीला गेलेली स्त्री अंधार पडताना घरी परतते आणि परतल्यावर तिची चूल पेटायची असते. ज्वारी-हरभऱ्याला पाणी देणारा शेतकरी विजेच्या पाळीप्रमाणे कधी दिवसा तर कधी मध्यरात्री मोटारीवर जातो. दहावी-बारावीच्या मुलांच्या डोक्यावर फेब्रुवारी-मार्चची परीक्षा असते. अशा गावाच्या वाचनालयाने हिवाळ्यात काय करावे, हा आजचा विषय आहे. वरकरणी तो लहान वाटतो. पण गावचे वाचनालय जिवंत राहणार की केवळ नोंदवहीत उरणार, याचे उत्तर या चार महिन्यांत दडलेले आहे.

ज्ञानदीपाची परंपरा

महाराष्ट्रातील ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये उभे राहिले, मुंबईचे १८९८ मध्ये. या संस्थांपैकी काहींना इंग्रज अधिकाऱ्यांचा हात लागला, पुष्कळशा स्थानिक विद्याप्रेमींच्या वर्गणीतून वाढल्या.

मराठवाड्याची वाट याहून खडतर होती. निजामाच्या राजवटीत राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. सभा भरवायची तर परवानगी, खासगी शाळा काढायची तर परवानगी, आखाडा चालवायचा तर परवानगी, असा तो काळ. गश्ती क्रमांक ५३ हे नाव मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या तोंडी होते ते याच निर्बंधांमुळे. अशा परिस्थितीत मराठी माणसाला आपल्या भाषेतील वर्तमानपत्र वाचण्यासाठी, चार समविचारी माणसांत बसण्यासाठी जी मोजकी ठिकाणे होती, त्यांत वाचनालयाचे स्थान मोठे होते. परभणीचे गणेश वाचनालय याच काळातून आलेले, शतक ओलांडलेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्या मुक्तीमागे सत्याग्रह होता, शस्त्रे होती, तुरुंगवास होता. आणि या साऱ्याच्या आधी अनेक वर्षे कंदिलाच्या उजेडात वाचली गेलेली वर्तमानपत्रे होती.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण असे की, त्या पिढीने वाचनालय चालवले ते लोकांच्या सवडीने. दिवसभर शेतात वा दुकानात राबलेला माणूस ज्या वेळी मोकळा होई, त्या वेळी वाचनालयाचे दार उघडे असे. नियमावलीत काय लिहिले आहे, हा प्रश्न पुढचा होता.

कायदा आला, अनुदान आले

स्वातंत्र्यानंतर राज्याने जबाबदारी उचलली. हैदराबाद राज्यात १९५५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला होता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. काही राज्यांप्रमाणे महाराष्ट्राने ग्रंथालयासाठी वेगळा कर बसवला नाही. लोकांनी संस्था काढावी, चालवावी आणि शासनाने तिला मान्यता व अनुदान द्यावे, अशी येथील रचना आहे. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि खेड्यातील बहुसंख्य वाचनालये 'ड' वर्गात राहिली. या व्यवस्थेतून राज्यात बारा हजारांच्या घरात ग्रंथालये उभी राहिली, ही सामान्य गोष्ट नव्हे. इतका मोठा पसारा मुख्यतः स्वयंसेवी कार्यकारिणींच्या बळावर चालतो, हे महाराष्ट्राचे भूषणच मानावे लागेल.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. २०१२ मध्ये शासनाने ग्रंथालयांची विशेष पडताळणी केली. कागदावर असलेली आणि प्रत्यक्षात नसलेली वाचनालये त्या वेळी चर्चेचा विषय झाली. त्यानंतर नव्या मान्यता आणि दर्जावाढ कित्येक वर्षे थांबून राहिल्या. प्रामाणिकपणे चाललेल्या संस्थांनाही त्याची झळ बसली. २०२२ मध्ये अनुदानात साठ टक्के वाढ जाहीर झाली आणि 'ड' वर्गाचे वार्षिक अनुदान ३०,००० वरून ४८,००० रुपये झाले. महिन्याचा हिशेब केला तर चार हजार रुपये. त्यात सेवकाचे मानधन, वर्तमानपत्रांचे बिल, वीज, जागा आणि नवी पुस्तके. ज्यांनी असे वाचनालय चालवले आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. तेव्हा ग्रामीण ग्रंथालयाच्या सेवकाला दोष देण्यासाठी हे विवेचन नाही. उलट, तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे कुलूप उघडणारा हा माणूस गावाच्या कृतज्ञतेला पात्र आहे.

साडेपाचचे कुलूप

आता मूळ प्रश्नाकडे वळू या. अनेक गावांत वाचनालयाची वेळ संध्याकाळची असते. साडेपाचला कुलूप निघते, आठ-साडेआठला पुन्हा लागते. उन्हाळ्यात ही वेळ सोयीची. पण डिसेंबरात परभणी परिसरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे दार उघडले आणि पंधरा मिनिटांत अंधार पडला. या एका गोष्टीने वाचनालयातून कोण कोण वजा होते, हे शांतपणे मोजून पाहावे.

पहिली वजा होते शाळकरी मुलगी. दिवेलागणीनंतर तिला घराबाहेर पाठवण्यास आई-वडील राजी नसतात आणि त्यांच्या काळजीला हसण्यात अर्थ नाही. दुसरे वजा होतात ज्येष्ठ. दम्याचा, सांधेदुखीचा त्रास असलेला वृद्ध गारठ्यात बाहेर पडत नाही. तिसरी वजा होते वेचणीहून परतलेली स्त्री, कारण ती वेळ तिच्या स्वयंपाकाची. चौथा वजा होतो रात्रपाळीचे पाणी धरणारा शेतकरी, कारण तो त्या वेळी दोन घास खाऊन पाठ टेकण्याच्या बेतात असतो. राहिले कोण? वर्तमानपत्र चाळायला येणारे चार-सहा पुरुष. देवघेव नोंदवहीत त्यांची नावे रोज पडतात, उपस्थिती भरते, वार्षिक अहवाल निर्दोष होतो. आणि गावाचा मोठा हिस्सा वाचनालयाच्या बाहेर राहतो. यात कोणाचाही दुष्ट हेतू नाही. घड्याळ तेवढे ऋतूप्रमाणे बदललेले नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपले पाच सिद्धांत मांडले. त्यांतील चौथा सिद्धांत वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. ग्रंथसूची, वर्गीकरण, मांडणी यांच्या संदर्भात तो शिकवला जातो. खेड्यात त्याचा पहिला अर्थ अगदी साधा आहे : वाचकाला ज्या वेळी सवड आहे, त्या वेळी दार उघडे असावे.

म्हणून हिवाळ्यासाठी वेळेचे विभाजन करावे. तास तेवढेच ठेवावेत, फक्त ते वाटून घ्यावेत. सकाळी ऊन वर आल्यावर तासभर, म्हणजे ज्येष्ठ मंडळी ओसरीवर उन्हात बसून वर्तमानपत्र वाचतील. शाळा सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत तासभर, तो मुलामुलींसाठी. आणि उरलेला वेळ रात्री अभ्यासिकेसाठी. सेवकाला तीन वेळा येणे जड जात असेल, तर एक वेळ कार्यकारिणीतील सदस्यांनी पाळीपाळीने सांभाळावी. नऊ-दहा जणांची कार्यकारिणी असते. आठवड्यातून एक तास प्रत्येकाच्या वाट्याला येतो. ज्या कार्यकर्त्याला आठवड्यातून एक तास किल्ली सांभाळणे जमत नाही, त्याने पदावर राहण्याचा आग्रह धरू नये, एवढे म्हणण्याचा अधिकार गावाला आहे.

पुस्तकाने चालत जावे

दार उघडे ठेवूनही जे येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडे पुस्तकाने जावे. ही कल्पना नवी नाही. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला पाचारण करून आपल्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यात गावोगाव फिरणाऱ्या ग्रंथपेट्या होत्या. १९३१ मध्ये तमिळनाडूतील मन्नारगुडी परिसरात कनगसभै पिळ्ळै यांनी बैलगाडीवर फिरते ग्रंथालय सुरू केले. अलीकडे, २००९ पासून, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांकडे जातात आणि ठरावीक काळाने बदलतात. राजाने केले, सेवाभावी गृहस्थाने केले, नागरिकांच्या संस्थेने केले. ज्वारीच्या गावाला ते अशक्य का असावे?

पिंगळीसारख्या गावात प्रत्येक आळीत एक घर निवडावे. त्या घरच्या गृहिणीकडे पंचवीस-तीस पुस्तकांची पेटी ठेवावी. शेजारच्या बायका-मुली हळदी-साखर मागायला जशा येतात, तशा पुस्तक न्यायला येतील. नोंद एका वहीत, दर महिन्याला पेट्यांची अदलाबदल. पेटी सांभाळणारी ती गृहिणी त्या आळीची ग्रंथपाल होते. तिला पद मिळते, मान मिळतो आणि बहुधा वाचनाची गोडीही लागते.

आणखी एक पेटी आहे, जिचा विचार सहसा होत नाही. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांची काही मुले हंगामी वसतिगृहांत राहतात, काही आई-बापांबरोबर फडावर जातात. गाव सोडताना या कुटुंबांना कोणी काही देत नाही. वाचनालयाने टोळीतील एखाद्या शिकलेल्या तरुणाच्या हाती दहा पुस्तकांची पिशवी द्यावी : गोष्टींची सहा, एखादे चरित्र, एक शब्दकोश, मुलांच्या इयत्तेची दोन. उन्हाळ्यात टोळी परतेल तेव्हा सात परत येतील, तीन हरवलेली असतील. हिशेबतपासनीस विचारील, त्यासाठी कार्यकारिणीने आधीच ठराव करून ठेवावा आणि हरवलेल्या पुस्तकांची भरपाई लोकवर्गणीतून करावी. कपाटात वाळवीने खाल्लेल्या पुस्तकांपेक्षा फडावरच्या पालात फाटलेले पुस्तक केव्हाही सत्कारणी लागलेले असते. जे मूल वर्षातील पाच महिने शाळेपासून तुटते, त्याच्या हाती गावाने दिलेले पुस्तक असणे म्हणजे गाव त्याला विसरलेले नाही, याची खूण आहे.

पानांतून शिवारात

ग्रंथालय म्हणजे केवळ कथा-कादंबऱ्या, ही समजूत सोडून द्यावी लागेल. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे कंबरडे मोडले. त्या संकटानंतर तज्ज्ञ सातत्याने सांगत आहेत की, डिसेंबरअखेर कापसाचे पीक संपवावे, फरदड घेऊ नये, पऱ्हाट्या उपटून शेत मोकळे करावे. शेतात अन्न उरले नाही तर अळीचे जीवनचक्र तुटते. हा सल्ला उन्हाळ्यात वाचून उपयोग नाही. तो मार्गशीर्षात वाचला गेला पाहिजे. पिंगळीपासून हाकेच्या अंतरावर, परभणीत, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. 'परभणी मोती' हे रब्बी ज्वारीचे वाण येथलेच. विद्यापीठाचे 'शेतीभाती' मासिक आहे, कृषी खात्याचे 'शेतकरी' मासिक आहे. वाचनालयाने हिवाळ्यात दर पंधरवड्याला एक सायंकाळ शेतीसाठी राखावी. जो सल्ला त्या पंधरवड्यात हवा तो फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि जमलेल्यांत वाचून दाखवावा. भ्रमणध्वनीवर शेतीची माहिती भरपूर येते, हे खरे. तिच्यातले खरे-खोटे वेगळे करून देणारे, चार शेतकऱ्यांनी एकत्र बसून पडताळण्याचे ठिकाण मात्र गावात असावे लागते.

वाचून दाखवणे या शब्दावर थोडे थांबायला हवे. आपल्या गावांची मूळ वाचनसंस्कृती श्रवणाची आहे. हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण होते, तेव्हा अक्षरओळख नसलेली आजीही त्या ग्रंथाची वाचक असते. दत्तजयंतीचे गुरुचरित्र असो की मार्गशीर्षातील गुरुवारची कहाणी, एक वाचतो आणि घर ऐकते. शेजारच्या गंगाखेडची जनाबाई घराघरांत पोचली ती दळणाच्या ओव्यांतून, छापील पोथीतून नव्हे. हीच रीत वाचनालयाने उचलावी. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, पाऊण तास प्रकट वाचन. बी. रघुनाथांसारख्या परभणीशी जोडलेल्या लेखकाची कथा वाचावी, एखादे प्रवासवर्णन, एखादे चरित्र. ज्याला वाचता येत नाही, ज्याची दृष्टी अधू झाली आहे, तोही अशा वेळी वाचनालयाचा पूर्ण हक्काचा सभासद होतो.

सण आणि ग्रंथ

हिवाळ्याचे दिनमान सण-उत्सवांनी भरलेले आहे. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची. शहरी ग्रंथालये वेगळी वर्गणी घेऊन अंकांची योजना चालवतात. खेड्यातील वाचनालयाला पन्नास अंक घेणे परवडत नाही. पण जवळच्या पाच गावांनी प्रत्येकी वेगवेगळे दहा अंक घेतले आणि दर तीन आठवड्यांनी गठ्ठे फिरवले, तर शिवरात्रीपर्यंत पन्नास अंक पाचही गावांत वाचून होतात. यासाठी पैसा दहाचाच लागतो. लागते ते परस्पर विश्वासाचे नाते.

संक्रांत ते रथसप्तमी हळदी-कुंकवाचे दिवस. अलीकडे वाण म्हणून पुस्तक देण्याची चाल पुष्कळ ठिकाणी पडली आहे, ती स्तुत्य आहे. वाचनालयाने वाणाचा असा कार्यक्रम जरूर करावा, मात्र त्यात एक पथ्य पाळावे. ग्रंथाच्या वाणाला सवाष्ण-विधवा हा भेद नसावा. ज्या भगिनीला एरवी या समारंभात मागे उभे राहावे लागते, तिला पहिले पुस्तक द्यावे. समाजाने आपल्याच घरात घालून ठेवलेला हा उंबरठा ओलांडायला सरस्वतीच्या मंदिराइतके योग्य स्थान दुसरे नाही.

तीन जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, बारा जानेवारीला जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद यांची, पुढे मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. या दिवशी प्रतिमापूजन होते, छायाचित्र निघते आणि ते अहवालाला जोडले जाते. त्याऐवजी त्या दिवशी त्या व्यक्तीविषयीचे एक पुस्तक दहा घरांत गेले, एवढी नोंद अहवालात पडली, तर जयंती साजरी झाली असे समजावे.

अभ्यासिकेचा दिवा

शेवटी परीक्षेच्या मुलांविषयी. दोन खोल्यांच्या घरात, जेथे एका खोलीत दूरचित्रवाणी चालू आहे आणि दुसरीत धान्याची पोती आहेत, तेथे अभ्यासाला जागा नसते. परभणीला जाऊन सशुल्क अभ्यासिकेत बसणे प्रत्येकाला परवडत नाही. वाचनालयाची खोली रात्री नऊ-दहापर्यंत उघडी राहिली, एक चांगला दिवा, दोन सतरंज्या, थंडीसाठी खिडक्यांना पडदे आणि प्रश्नपत्रिकांचे संच मिळाले, तरी या मुलांचे मोठे काम होते. मुलींसाठी हीच सोय दिवसाउजेडी, सुटीच्या दिवशी करावी आणि संध्याकाळी त्यांना घरी पोचवण्याची जबाबदारी गावातील दोन मातांनी घ्यावी. पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीतील तरुणांनी बदल्यात दहावीच्या मुलांना आठवड्यातून एकदा गणित शिकवावे. घेणाऱ्याने देणारे व्हावे, हीच तर सेवाकार्याची रीत आहे.

पुढच्या संक्रांतीपर्यंत

बंधु-भगिनींनो, या साऱ्यासाठी मोठा निधी लागत नाही. इमारत नवी लागत नाही. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, जिल्हा ग्रंथालय, विद्यापीठ यांच्याकडून पुस्तके मिळण्याच्या वाटा आहेत. त्या वाटांनी चालत जाणारा माणूस हवा. लागतात ते पाच-सात कार्यकर्ते, ज्यांना गावातील प्रत्येक घराचे वेळापत्रक ठाऊक आहे : कोणाची वेचणी कधी संपते, कोणाची पाण्याची पाळी केव्हा, कोणती मुलगी परीक्षेला बसली आहे, कोणत्या आजोबांचा चश्मा फुटला आहे.

निजामी अमलात वाचनालय चालवणे हे धाडस होते. आज ते धाडस उरलेले नाही, म्हणून त्याचे मोलही कमी झाल्यासारखे वाटते. त्या वेळी दारावर पहारा सत्तेचा होता. आज दारावर कोणाचाच पहारा नाही, तरीही गावातील अर्ध्याहून अधिक माणसे त्या दाराच्या आत आलेली नाहीत. ती का आली नाहीत, हे त्यांना विचारण्याआधी आपण दार कोणत्या वेळी उघडतो, हे एकदा पाहावे.

या हिवाळ्यात एवढेच करावे. वाचनालयाच्या फाटकावरची वेळेची पाटी उतरवावी आणि सूर्य मावळण्याआधीची एक वेळ तिच्यावर लिहून ती पुन्हा लावावी. त्या वेळी आत येणारी पहिली मुलगी कोणते पुस्तक मागते, ते नोंदवहीत लिहून ठेवावे. पुढच्या संक्रांतीला ती वही उघडून वाचली, म्हणजे वर्षभराच्या कामाचा अहवाल वेगळा लिहावा लागणार नाही.